न दिसणाऱ्या चाकाचा शोध

घरात लहान मूल असले म्हणजे साऱ्या घराचा दिवस त्याच्या हसण्यारडण्याभोवती फिरत असतो. सकाळी अंगणभर रांगणारे, हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालणारे हे मूल दुपारी एकाएकी मलूल होते. त्याला उलट्या सुरू होतात, अंग तापते आणि पाठोपाठ पाण्यासारखे जुलाब लागतात. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते. ते रडते, पण डोळ्यांत अश्रू येत नाहीत. आई त्याला मांडीवर घेऊन रात्रभर बसून राहते. घरातील वडील माणसांपैकी कोणी म्हणते, "दात येत असतील." कोणी म्हणते, "दृष्ट लागली असेल." कोणी उन्हाला दोष देते, तर कोणी आईच्या खाण्यापिण्याला. काही मुले चार-सहा दिवसांत बरी होतात; काही मात्र त्या मांडीवरच कायमची शांत होतात.

हे दुःख एका गावाचे किंवा एका देशाचे नव्हते. गरिबाच्या झोपडीत आणि श्रीमंताच्या वाड्यात, उष्ण देशांत आणि थंड देशांत, सर्वत्र लहान मुलांना हा अतिसार होत असे. तरीही त्याचे खरे कारण काय, हे विसाव्या शतकाची सत्तर वर्षे उलटून गेली तरी कोणालाच नीटसे सांगता येत नव्हते. ते कारण कसे सापडले आणि सापडल्यावर त्याचा उपयोग कसा झाला, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

अतिसाराचे कोणतेच कारण त्या काळी ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. पटकीचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८३ साली इजिप्तमध्ये व १८८४ साली कलकत्त्यात रोग्यांच्या आतड्यांत शोधून काढला होता. आमांशाचे जंतूही पुढे सापडले होते. हे जंतू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात आणि प्रयोगशाळेत योग्य अन्न दिले म्हणजे वाढतात. त्यामुळे अतिसाराचा रोगी आला की डॉक्टर त्याच्या विष्ठेची तपासणी करून घेत. परंतु तान्ह्या मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा या तपासणीतून काहीच निष्पन्न होत नसे. मूल डोळ्यांदेखत सुकत चालले आहे आणि तपासणीच्या कागदावर मात्र 'रोगजंतू आढळले नाहीत' एवढेच लिहिलेले आहे, असा प्रसंग जगातील कितीतरी रुग्णालयांत रोज घडत होता.

अशा रुग्णालयांपैकी एक ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात होते. त्याचे नाव रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटल. आपल्याकडे पावसाळा असतो, त्या महिन्यांत तेथे हिवाळा असतो. दर हिवाळ्यात या रुग्णालयातील खाटा जुलाबाने आजारी झालेल्या मुलांनी भरून जात. मेलबर्न हे काही अस्वच्छ किंवा दरिद्री शहर नव्हते. तेथे घरोघरी शुद्ध पाणी होते आणि मैला वाहून नेण्याची चोख व्यवस्थाही होती. मग हा रोग येत होता कोठून?

या प्रश्नाच्या मागे रूथ बिशप या संशोधक लागल्या होत्या. त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि आतड्यांत राहणाऱ्या जंतूंचा त्यांनी पुष्कळ अभ्यास केला होता. अतिसारातून उठलेल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आली होती. यांपैकी काही मुलांना बरे झाल्यानंतरही काही काळ दूध पचत नसे. दुधात जी साखर असते ती पचवण्याचे काम लहान आतड्याचे अस्तर करते. दूध पचत नाही, याचा अर्थ त्या अस्तरालाच इजा झालेली असली पाहिजे. तेव्हा चोराला शोधायचे, तर जेथे चोरी झाली आहे तेथेच प्रथम पाहिले पाहिजे, हे ओघानेच आले. तोवर बहुतेक सर्वांची तपासणी विष्ठेतील जंतूंपुरती असे. बिशप यांनी आपली दृष्टी आतड्याच्या अस्तराकडे वळवली.

परंतु जिवंत मुलाच्या आतड्याचे अस्तर पाहायचे कसे? याच रुग्णालयातील टाऊनली नावाच्या तज्ज्ञ डॉक्टरांना एक कौशल्य साधले होते. एक बारीक नळी मुलाच्या तोंडावाटे जठराच्या पलीकडे उतरवून, लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील अस्तराचा अगदी इवलासा कण ते काढून घेत. अस्तराला किती इजा झाली आहे, हे त्या कणाच्या तपासणीवरून कळे. असे कण मिळाले, तरी ते नुसत्या डोळ्यांनी किंवा साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहून भागण्यासारखे नव्हते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साध्या सूक्ष्मदर्शकात आपण प्रकाशाच्या साहाय्याने पाहतो. प्रकाश लाटांच्या रूपाने प्रवास करतो आणि वस्तू त्या लाटांच्या मानाने फारच लहान असली, तर प्रकाशाला तिचा आकार दाखवता येत नाही. जाड्या चाळणीने बारीक पीठ चाळू पाहावे, तसा तो प्रकार होतो. भिंगे कितीही चांगली वापरली तरी उपयोग होत नाही. कित्येक रोगांचे मूळ असलेले विषाणू इतके लहान असतात, की ते या चाळणीतून निसटून जातात. ही अडचण दूर करणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बर्लिनमध्ये १९३१ साली एर्न्स्ट रुस्का व माक्स क्नोल यांनी तयार केला. त्यात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा झोत वापरतात आणि काचेच्या भिंगांऐवजी चुंबकांच्या साहाय्याने तो झोत वळवतात. त्यामुळे विषाणूंची चित्रे घेणे मनुष्याला प्रथमच शक्य झाले.

मेलबर्न विद्यापीठात असा सूक्ष्मदर्शक होता. तेथील इयन होम्स आणि ब्रायन रक, तसेच रुग्णालयातील डॉक्टर जेफ्री डेव्हिडसन हे बिशप यांचे या कामातील सहकारी. १९७३ साली नऊ आजारी मुलांच्या आतड्यांतील अस्तराचे कण त्यांनी तपासण्यास घेतले. या मुलांच्या रोगाचे कारण कोणताही ओळखीचा जंतू नाही, याची खात्री आधीच करून घेतलेली होती. अस्तराचे कण कठीण पदार्थात बसवून त्यांचे अत्यंत पातळ काप काढण्यात आले. ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा नऊपैकी सहा मुलांच्या अस्तरातील पेशींमध्ये गोल गोल विषाणूंची दाटी झालेली दिसली. पूर्वी माणसाच्या आतड्यात असे काही कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते.

येथे एखादा उतावळा मनुष्य 'सापडला, सापडला' म्हणून ओरडत सुटला असता. पण खरा संशोधक आनंदाच्या क्षणीही स्वतःला प्रश्न विचारतो. विषाणू आतड्यात दिसले, एवढ्यावरून रोग त्यांनीच केला असे ठरते काय? कदाचित ते तेथे नेहमीच राहत असतील! म्हणून यांतील काही मुले बरी झाल्यावर, काही आठवड्यांनी त्यांच्या अस्तराची पुन्हा तपासणी करण्यात आली. तेव्हा विषाणू नाहीसे झालेले होते. रोगाबरोबर ते आले होते आणि रोगाबरोबर गेले होते. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात 'द लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला.

शोध लागला, तरी प्रत्येक आजारी मुलाच्या पोटात नळी घालून तपासणी करणे कोठेही शक्य नव्हते. ही अडचणही लवकरच दूर झाली. आजारी मुलाच्या विष्ठेतून हे विषाणू इतक्या मोठ्या संख्येने बाहेर पडतात, की ती विष्ठा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी ते स्पष्ट दिसतात, असे आढळून आले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात थॉमस फ्लेवेट हे संशोधक याच पद्धतीने काम करीत होते. त्यांना हा विषाणू एखाद्या लहानशा चाकासारखा दिसला. मध्ये तुंबा, त्यापासून निघालेले आखूड आरे आणि भोवती गोल धाव! लॅटिन भाषेत चाकाला 'रोटा' म्हणतात. म्हणून फ्लेवेट यांनी या विषाणूला 'रोटाव्हायरस' हे नाव सुचवले आणि तेच पुढे रूढ झाले. उंदरांत व वासरांत जुलाब करणारे तशाच आकाराचे विषाणू त्यापूर्वीच आढळले होते. तेही याच कुळातील ठरले. थोड्याच वर्षांत निरनिराळ्या देशांतून एकच वार्ता येऊ लागली: आमच्याकडील मुलांच्या आजाराच्या मुळाशीही हे चाकच आहे.

हे चाक किती लहान असावे? एका मिलीमीटरच्या अंतरात असे सुमारे चौदा हजार विषाणू एका ओळीत मावतील. त्याच्या तिहेरी कवचाच्या आत आनुवंशिक द्रव्याचे अवघे अकरा तुकडे असतात. त्याला ना तोंड, ना पोट. स्वतःच्या बळावर तो वाढूही शकत नाही. परंतु लहान आतड्याच्या पेशीत शिरला, की तो तिचे सारे कामकाज आपल्या ताब्यात घेतो आणि तिच्याकडून स्वतःसारखेच हजारो विषाणू तयार करवून घेतो. शेवटी ती पेशी नष्ट होते आणि नवे विषाणू शेजारच्या पेशींवर तुटून पडतात.

आपल्या लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस व पाणी शोषून घेणे हे त्यांचे काम. रोटाव्हायरस नेमका या अंकुरांच्या टोकांवर हल्ला करतो. अंकुर झडून सपाट होतात आणि शोषणाचे काम मंदावते. शिवाय या विषाणूच्या योगे तयार होणारा एक विषारी पदार्थ आतड्यातून पाणी बाहेर टाकण्यास कारण होतो. अशा रीतीने शरीरात जायचे ते पाणी जात नाही आणि असलेले पाणी व क्षार वाहून जातात. मोठ्या माणसाच्या शरीरात पाण्याचा साठा मोठा असतो. तान्ह्या मुलाच्या लहानशा देहात तो कितीसा असणार? भरलेला हौस गळू लागला तर तो रिकामा होण्यास वेळ लागतो. तांब्या मात्र पाहता पाहता रिता होतो. मूल दगावते ते बहुधा या पाणी आटण्यामुळे.

हा विषाणू पसरतोही सहज. रोगी मुलाच्या एका ग्रॅम विष्ठेत तो अब्जावधींच्या संख्येने असतो आणि दुसऱ्या मुलाला आजारी पाडण्यास त्यांपैकी थोडेसेच पुरे होतात. हाताला, खेळण्याला, दाराच्या कडीला किंवा दुपट्याला चिकटून तो बराच काळ टिकून राहतो. मेलबर्नसारख्या स्वच्छ शहरातही तो का आढळला, याचा उलगडा यावरून होतो. स्वच्छतेने अतिसाराचे कितीतरी प्रकार टळतात, आणि या विषाणूचा प्रसारही काही अंशी कमी होतो. पण केवळ स्वच्छतेने याला पूर्णपणे अडवता येत नाही. लस निघण्यापूर्वी जगातील जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांचे होण्याच्या आत केव्हा ना केव्हा याची बाधा होतच असे. फरक असे तो परिणामात. ज्या देशांत दवाखाना जवळ होता, तेथे मुले वाचत. ज्या गावी दवाखाना दूर होता, तेथे ती दगावत.

कारण कळल्यामुळे उपचारातील एक चूक तरी स्पष्ट झाली. जंतूंना मारणारी जी प्रतिजैविक औषधे असतात, ती विषाणूंवर चालत नाहीत. तेव्हा या आजारात ती देऊन काही साधत नाही. खरा उपचार म्हणजे शरीरातून गेलेले पाणी व क्षार परत भरून काढणे. हा उपचार सुदैवाने अतिशय सोपा आहे आणि त्याची थोरवी पटवून देण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी लक्षावधी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील त्यांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते रोग्यांस तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. शंभरांपैकी तीस रोगी दगावत होते, तेथे हे प्रमाण शंभरात तीन-चारांवर आले. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून आत शिरते आणि मिठाच्या पाठोपाठ पाणी जाते. आतडे आजारी असतानाही हा व्यवहार चालू राहतो, हे त्यामागील रहस्य होय. पटकीचा जंतू निराळा आणि रोटाव्हायरस निराळा. पण दोहोंतही शरीर कोरडे पडते, म्हणून हेच पाणी दोन्ही रोगांत जीव वाचवते. आज त्यालाच आपण जलसंजीवनी म्हणतो.

जलसंजीवनीची पुडी जवळ नसेल, तर एक लीटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सपाट भरलेले सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून ते मुलाला घोटघोट पाजावे. चमच्याचे हे माप काटेकोर असावे, कारण मीठ जास्त झाल्यास अपाय होतो. आईचे दूध चालूच ठेवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. मुलाचे डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू पूर्ववत होऊ लागली किंवा मूल पाणी पिईनासे झाले, तर मात्र घरी क्षणभरही न थांबता त्याला दवाखान्यात न्यावे.

तथापि आग लागल्यावर ती विझवणे आणि आग लागूच न देणे, यांत दुसरा मार्ग अधिक चांगला. रोग होऊच न देण्याचा मार्ग लसीचा. त्याचा माग या विषाणूनेच दाखवून दिला. मेलबर्नमध्ये काही नवजात बालकांना जन्मल्याबरोबर लगेच रोटाव्हायरसची बाधा होत असे. परंतु ती बालके आजारी मात्र पडत नसत. बिशप व त्यांचे सहकारी यांनी अशा बालकांवर पुढे तीन वर्षे लक्ष ठेवले. त्या बालकांना पुढे रोटाव्हायरसची बाधा इतर मुलांसारखीच झाली, पण त्यांचा आजार तीव्र झाला नाही, असे त्यांना दिसून आले. हे निरीक्षण १९८३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे सौम्य विषाणूशी लहानपणी झालेली ओळख पुढे मुलाचे रक्षण करते, असे ठरले.

दिल्लीतही हेच दिसून आले. तेथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉक्टर महाराज किशन भान हे बालरोगतज्ज्ञ काम करीत होते. १९८५-८६ च्या सुमारास तेथील नवजात बालकांमध्ये असाच एक सौम्य रोटाव्हायरस त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. त्या बालकांना रोगाची काहीच लक्षणे नव्हती. या विषाणूपासून आपल्या देशातील मुलांसाठी लस करता येईल, असा विचार पुढे आला. विचार साधा होता. पण तो सिद्धीस जाण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली.

इतका काळ का लागला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेतील एका घटनेत सापडते. तेथे १९९८ साली रोटाव्हायरसवरील पहिली लस वापरात आली. परंतु ती घेतलेल्या काही थोड्या मुलांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरून अडकू लागला. दहा हजारांत एखाद्याच मुलाच्या बाबतीत असे होत होते. तरीही १९९९ साली ती लस मागे घेण्यात आली. यावर पुष्कळ वाद झाला. अमेरिकेत या अतिसाराने मुले क्वचितच मरत, म्हणून तेथे हा धोका मोठा वाटला. ज्या देशांत रोज शेकडो मुले मरत होती, तेथे त्याच लसीने कितीतरी जीव वाचले नसते काय? हा प्रश्न आजही विचार करायला लावणारा आहे. मात्र धडधाकट मुलाला द्यायचे औषध पूर्ण पारखल्यावाचून देऊ नये, हा धडा सर्वांनीच घेतला. त्यानंतर परदेशांत ज्या दोन नव्या लसी निघाल्या, त्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बालकांवर पारखून मगच २००६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले.

भारतातील लसही अशीच पायरी पायरीने पुढे गेली. हैदराबादच्या भारत बायोटेक या कंपनीने ती तयार केली. २०११ साली दिल्ली, पुणे व वेल्लोर या तीन ठिकाणी तिची मोठी चाचणी सुरू झाली. ६,७९९ बालकांनी तीत भाग घेतला. काहींना लस देण्यात आली व काहींना लसीसारखेच दिसणारे साधे थेंब. कोणाला काय दिले आहे, हे ना आईवडिलांना ठाऊक होते, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. म्हणजे निर्णयात कोणाच्याही मनाचा कल डोकावण्याची भीती नाही. कोणत्याही बालकास जुलाब झाले, तर त्याच्यावर तत्काळ उपचार होत. आपल्या तान्ह्या मुलांना घेऊन वेळोवेळी तपासणीस येणाऱ्या त्या हजारो मातांची नावे कोठे छापलेली नाहीत. पण त्यांच्या विश्वासावाचून ही लस सिद्ध झाली नसती. या लसीमुळे पहिल्या वर्षात तीव्र आजाराचे प्रमाण निम्म्याहून अधिक कमी होते, असे आढळले. २०१४ साली तिला परवानगी मिळाली. २०१६ साली आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश व ओडिशा या राज्यांत ती सरकारी लसीकरणात देण्यास आरंभ झाला आणि २०१९ साली रोटाव्हायरसवरील लसीकरण देशभर पोहोचले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही या रोगावर दुसरी एक लस तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली या दोन्ही भारतीय लसींना मान्यता दिली. आपल्याकडे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात ही लस बाळाच्या तोंडात घालतात; तिला सुई लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २००८ साली जगातील पाच वर्षांखालील सुमारे साडेचार लाख मुले रोटाव्हायरसमुळे मरण पावली होती. २०१३ साली हा आकडा सुमारे दोन लाख पंधरा हजारांवर आला. ही घट एकट्या लसीची नव्हे. जलसंजीवनी, शुद्ध पाणी, चांगला आहार आणि लस या सर्वांचे ते फळ होय. परंतु दोन लाख हा आकडाही लहान नाही. लस हे अभेद्य कवच नव्हे, आणि अतिसार करणारे विषाणूही अनेक आहेत. अमेरिकेतील नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली मुलांना उलट्या व जुलाब झाले होते. त्या साथीचा विषाणू रोटाव्हायरसच्या आधी, १९७२ साली, सापडला होता. त्याच्यावर सर्वत्र देण्याजोगी लस अद्याप नाही. म्हणून शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, पिण्याचे पाणी झाकून ठेवणे आणि तान्ह्या बाळाला उचलण्याआधी आपले हात स्वच्छ करणे, ही कर्तव्ये लस आली तरी संपत नाहीत. घरातील मोठ्या भावंडांना ती सहज पार पाडता येण्यासारखी आहेत.

डॉक्टर भान २०२० साली निवर्तले. रूथ बिशप आणि डॉक्टर महालनबीस या दोघांचेही २०२२ साली निधन झाले. एक मेलबर्नमध्ये, एक दिल्लीत, एक बंगालच्या सीमेवर. तिघांची कामे निराळी होती, पण तिघांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती: आईच्या मांडीवर सुकत चाललेला रोगी. आज एखाद्या खेड्यातील आरोग्य केंद्रात परिचारिका बाळाचे तोंड हलकेच उघडून त्यात लसीचे थेंब सोडते. बाळ क्षणभर तोंड वेडेवाकडे करते आणि पुन्हा आईच्या पदराशी खेळू लागते. आपल्यावर कोणते संकट येणार होते आणि ते कोणी परतवले, हे त्याला कधीच कळणार नाही. ते त्याने जाणावे, अशी अपेक्षा त्या संशोधकांचीही नसावी. ते बाळ दुसऱ्या दिवशीही अंगणात रांगत असावे, एवढ्याचसाठी त्या न दिसणाऱ्या चाकाचा शोध होता.